भाजलेल्या पावाची कुळकथा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या चेहऱ्यावर हसू उमटले असेल. इतिहासावर बोलावयाचे तर गडकोट आहेत, तहनामे आहेत, बखरी आहेत. ते सर्व सोडून हा गृहस्थ पावाच्या तुकड्यावर बोलावयास बसला आहे! परंतु तहनाम्याने राज्ये इकडची तिकडे होतात, आणि पावाच्या तुकड्याने माणसे जातीबाहेर पडत असत. तेव्हा विषय दिसतो तितका पोरकट नाही, एवढे प्रारंभी सांगून ठेवतो.

निमित्त असे घडले. मध्यंतरी माझ्या पुतण्याने पहिल्या पगाराच्या आनंदात आम्हा घरच्या मंडळींस अंधेरीच्या एका उपाहारगृहात नेले. जेवणाआधी भूक चाळवावी म्हणून त्याने एक पदार्थ मागविला. ताटलीत आले काय, तर भाजलेल्या पावाचे चार काप, वर टोमॅटोच्या बारीक फोडी, थोडे तेल आणि तुळशीच्या जातीची दोन हिरवी पाने. पुतण्या म्हणाला, ‘काका, हा ब्रुशेटा. खास इटलीचा.’ आमच्या वहिनींनी एक काप उचलला, दाताखाली धरला आणि म्हणाल्या, ‘अहो भावोजी, हा तर आपला कालचा कडक पाव! याला इटलीला कशाला जायला हवे?’ टेबलाभोवती हशा पिकला. वहिनींचा अभिप्राय मात्र माझ्या मनातून जाईना. तो कितपत खरा आहे, हे पाहण्याच्या खटपटीतून आजचे हे भाषण निघाले.

प्रथम नावाचा निकाल लावू. इटालियन भाषेत या अक्षरजुळणीचा उच्चार ‘श’ होत नाही, ‘क’ होतो. म्हणून शब्द ‘ब्रुस्केत्ता’ असा आहे. आमच्या उपनगरांतील वाढपी त्याला ब्रुशेटा म्हणतात त्यात त्यांचा दोष नाही. लंडन-न्यूयॉर्कचे लोकही तसेच म्हणतात. रोमच्या आसपासच्या बोलीत ‘ब्रुस्कारे’ म्हणजे निखाऱ्यावर भाजणे. त्यापासून हे नाम झाले. म्हणजे नावात टोमॅटो नाही, तेल नाही, पावही नाही. आहे ती केवळ भाजण्याची क्रिया. तोस्काना प्रांतात याच पदार्थाला ‘फेत्तुन्ता’ म्हणतात. त्याचा अर्थ तेलकट काप, आणि हे नाव मला अधिक प्रामाणिक वाटते.

कारण या पदार्थाचा जीव तेलात आहे. इटलीत ऑलिव्हची फळे शरद ऋतूच्या अखेरीस, साधारण नोव्हेंबरच्या सुमारास, घाण्यावर येतात. नवे तेल हिरवट, घशाला किंचित झोंबणारे असते. ते कसे उतरले हे पाहण्यासाठी घाण्यावरची माणसे शेकोटीवर पावाचा काप भाजीत, त्यावर लसणाची पाकळी घाशीत, मीठ भुरभुरवीत आणि वरून ताज्या तेलाची धार धरीत. भाजलेल्या पावाचा पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यावर लसूण किसणीवर उतरावी तशी उतरते. एवढाच मूळचा पदार्थ. टोमॅटो त्यात पुष्कळ उशिरा आला. तो मूळचा अमेरिकेचा. तोस्कानाच्या मेदिची दरबारात त्याची पहिली टोपली पोहोचल्याची नोंद १५४८ सालची आहे, आणि इटलीच्या छापील पाककृतींत तो दिसू लागतो तो सतराव्या शतकाच्या अगदी शेवटी, नेपल्सच्या अंतोनिओ लातिनी याच्या ग्रंथात. तोपर्यंतची दीडशे वर्षे इटालियन लोक त्याच्याकडे बागेतील एक शोभेची आणि काहीशी संशयास्पद वस्तू म्हणूनच पाहत होते. आमच्या विदर्भातील वृद्ध मंडळी टोमॅटोला अजून भेदरे म्हणतात. त्या शब्दातच काही भीती भरली आहे असे मला लहानपणी वाटे. व्युत्पत्ती म्हणून हे कोणी गंभीरपणे घेऊ नये.

आता हा पदार्थ गरिबाचा का, तेही पाहू. तोस्कानातला पाव मोठा, बिनमिठाचा आणि एकदा भाजला की कित्येक दिवस पुरवावयाचा. असा पाव शिळा होणारच. शिळा होणे म्हणजे केवळ वाळणे नव्हे. भाजताना मऊ झालेले पिठातील सत्त्व थंड होता होता पुन्हा घट्ट बांधले जाते आणि त्यामुळे पाव चामट लागतो. त्याला पुन्हा उष्णता दिली की ती बांधणी सैल होते. वरचा पापुद्रा कोरडा होऊन तांबूस होतो आणि त्यातून तो खमंग वास सुटतो. या तांबूस होण्याची रासायनिक मीमांसा १९१२ साली माइयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने केली. शेतकऱ्याला तिची गरज नव्हती. शिळे अन्न टाकावयाचे नाही, हा त्याचा नियम होता. आणि त्या नियमातूनच चव जन्मास आली.

येथे वहिनींच्या बाजूने पहिला पुरावा मिळतो. देशावरच्या खेड्यात रात्रीची भाकरी सकाळी चुलीतल्या निखाऱ्यावर धरून कुरकुरीत करतात, तिच्यावर करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल, मीठ आणि लसणीची चटणी घेतात, आणि औताला जातात. घाणा लाकडी असे तेव्हा तेल्याच्या दारी ताज्या तेलाची चव भाकरीच्या तुकड्याबरोबर घेणारी मुले होतीच. फेत्तुन्ता आणि ही न्याहारी यांत धान्य वेगळे, तेल वेगळे. पण दोहोंमागील बुद्धी एकच. कोणी कोणाकडून शिकले असे म्हणण्याचे काही कारण नाही. निखारा, शिळे अन्न, लसूण आणि तेल एका घरात आली की हा शोध आपोआप लागतो.

इंग्रजीतला ‘टोस्ट’ हा शब्द तर याहून गमतीचा आहे. तो लॅटिनमधील वाळविणे, भाजणे या अर्थाच्या धातूपासून आला; आणि तो लॅटिन धातू व आपला संस्कृत ‘तृष्’ हे एकाच प्राचीन मुळाचे फाटे आहेत. तृष्णा म्हणजे घशाचे कोरडेपण. प्राकृतातून उतरत तिची मराठीत ‘तहान’ झाली. सकाळी चहाबरोबर टोस्ट खाताना घसा सुकतो, तो या नात्याला जागूनच, असे म्हणावयास हरकत नाही!

परंतु भाकरी ती भाकरी आणि पाव तो पाव. वहिनी ज्याला ‘आपला’ म्हणाल्या तो पाव आपला केव्हा झाला?

श्रोतेहो, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आपली गावे ज्या बेटावर वसली आहेत त्याचे जुने नाव साष्टी. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. मुंबई पुढे १६६१ च्या विवाहकरारात इंग्रजांना आंदण मिळाली व १६६५ मध्ये त्यांच्या ताब्यात गेली. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली, ती १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत. म्हणजे चर्चगेट-फोर्टच्या भागापेक्षा आपल्या उपनगरांचा फिरंग्यांशी सहवास बराच अधिक काळाचा आहे, ही गोष्ट आपण विसरतो. बोरिवलीस मंडपेश्वराच्या लेण्यावर त्यांच्या मठाचे भग्नावशेष उभे आहेत. अंधेरीस कोंडिविट्याचे १५७९ सालचे देवालय आता कारखान्यांच्या कुंपणात झाडोऱ्यात उभे आहे. पाद्र्यांना धर्मविधीसाठी गव्हाची भाकर लागे. तांदूळ चालत नसे. शिपायाला आणि खलाशाला रोजचा पाव हवा असे. आणि कोकण तर भाताचा प्रदेश! गहू घाटावरून किंवा गुजरातेतून आणावा लागे. पीठ मिळाले तरी ते फुगवावे कशाने? यावर तोड निघाली ती माडाच्या झाडावर. माडाची ताजी सूर, म्हणजे ताडीच्याच जातीचा रस, काही तासांत आंबू लागतो. तो पिठात घातला की पाव फुगतो. गोव्यात हे काम पदेरांनी उचलले. पदेर हा शब्दही पोर्तुगीजच. उंडो, पोई, कांकण हे त्यांचे पाव गोव्यात अद्याप सकाळच्या सायकलींवरून दारोदार जातात. मागील पिढीतील जाणकार सांगत की सूर घातलेल्या पावाचा वास यीस्टच्या पावाला कधी येत नाही. आपल्या साष्टीतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाला फुगे तळतात, तेही मूळचे ताडीनेच आंबविलेले.

पाव हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’ या सानुनासिक शब्दाचा मराठी अवतार आहे. पावाचे चार तुकडे होतात म्हणून पाव, किंवा पीठ पायाने तुडवितात म्हणून पाव, या दोन्ही उपपत्ती मी लहानपणी ऐकल्या. दोन्ही कल्पित आहेत; दुसरी तर द्वेषाने रचलेली. लॅटिन ‘पानिस’ या शब्दापासून पोर्तुगीज शब्द झाला, त्यापासूनच इटालियन ‘पाने’. हाच पोर्तुगीज शब्द जपानातही गेला. तेथेही पावाला ‘पान’ म्हणतात. पगार, चावी, बटाटा, काजू, घमेले हे शब्द ज्या जहाजांतून उतरले त्याच जहाजांतून पाव उतरला. तेव्हा अंधेरीच्या टेबलावरचा इटालियन काप आणि आमचा पाव ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे ठरतात. आले नाही ते ऑलिव्हचे तेल. ते झाड कोकणच्या पावसात रुजत नाही, आणि नारळाच्या तेलाने भाजल्या पावाची चव खुलत नाही. पोर्तुगालातही तेलात भिजविलेल्या भाजल्या पावाची चाल आहे. ती समुद्रापलीकडेच राहिली. पाव आला, पण त्याचा सोबती मागे राहिला. आपल्याकडे त्याला दुसरा सोबती मिळावयास पुढे कित्येक पिढ्या लागल्या.

मिळणार तरी कसा? पाव खाणे हेच मुळी पाप होते. वसई-साष्टीच्या गावांत एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: रात्री पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, सकाळी गावाने ते पाणी प्यायले, आणि गावच्या गाव बाटले. इतिहास म्हणून ही कथा मला पटत नाही. धर्मांतरामागे जमिनी होत्या, सक्ती होती, अनाथ मुलांविषयीचे कायदे होते, आणि कित्येकांच्या बाबतीत स्वतःची श्रद्धाही होती. विहिरीतला एक पाव एवढे काम करू शकत नाही. पण कथेत एक भयंकर सत्य दडले आहे. पाव पाण्यात पडला एवढ्याने माणसे परकी होत नव्हती; शेजारच्या गावाने ‘तुम्ही बाटलात’ असे म्हटल्यामुळे ती परकी होत होती. दार बाहेरून नव्हे, आतून लावले जात होते.

ही भीती एकोणिसाव्या शतकात अगदी आपल्या सुशिक्षित घरांपर्यंत आली. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग व त्यांचे स्नेही यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडणे हा तिचा हेतू. सभासद होताना नव्या माणसाने काय करावे? तर ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावा. पावाचा एक घास! आज आपण ज्या गोष्टीचा विचारही न करता चहात बुडवितो, ती गोष्ट तोंडात घालताना त्या तरुणांचे हात कापले असतील. सभा गुप्त होती, कारण नावे उघड झाली तर घरदार, सोयरीक, सर्वच बुडणार. आणि तसेच झाले. १८६० मध्ये सभासदांची यादी फुटली आणि सभा बसली. पुढे तीस वर्षांनी, १८९० साली, पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा आणि बिस्किटे मांडली गेली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. ‘पुणेवैभव’ पत्रात नावे छापली गेली, ग्रामण्य शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल सोसले. ही माणसे राज्यकर्त्यांशी झगडण्यास भ्याली नाहीत. पण बिस्किटाने त्यांना जेरीस आणले.

माझ्या आजीचा जन्म या वादळाच्या नंतरचा. पण घाटकोपरच्या आमच्या घरात पाव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत तिने कधी येऊ दिला नाही. पडवीत एक पत्र्याचा डबा असे, त्यात पाव. आम्ही मुले तेथेच बसून खात असू. एकदा तापात माझ्या धाकट्या बहिणीला काही पचेना, तेव्हा डॉक्टरांनी भाजलेला पाव आणि दूध सांगितले. आजीने स्वतः शेगडी पडवीत नेली, चिमट्याने काप धरून भाजला, बहिणीला भरविला, आणि मग विहिरीवर जाऊन स्नान केले. त्या वेळी मला तिचा राग आला होता. आज येत नाही. ती काप किती निगुतीने भाजीत होती, तेवढेच आठवते.

पावाला आपल्याकडे सोबती मिळवून दिला तो इराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी यझ्द, केरमान भागांतून आलेल्या या जरथुष्ट्री मंडळींनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर हॉटेले थाटली. धोबीतलावची क्यानी १९०४ ची. त्यांच्या भट्टीतून बाहेर पडलेला कडक पाव म्हणजे ब्रून. वरचे कवच हाताने मोडावे लागते, आत मऊ; मधोमध कापून आत मस्का, आणि समोर चहा. पाव पोर्तुगीज, मस्का हा फारसी शब्द, चहाचे कूळ चिनी. संगमरवरी टेबलावर जातपात विचारली जात नसे, कारण विचारणाराच परका होता. परमहंस सभेला जे चोरून करावे लागले ते इराण्याच्या हॉटेलात दोन पैशांत उजेडी होऊ लागले. वहिनींचा ‘आपला कडक पाव’ तो हा. तो इटलीच्या कापाचा नातेवाईक खरा. पण वाढला तो तेलाऐवजी लोण्यावर.

टोस्ट या शब्दाचेही आपण मराठीकरण करून टाकले आहे. मराठी घरात टोस्ट म्हणजे दोनदा भाजलेला गोडसर सुका काप, आणि ‘बटर’ म्हणजे लोणी नव्हे, तर तसाच वाळविलेला गोल पाव! दोनदा भाजण्याची ही युक्ती जहाजावरची. ‘बिस्किट’ या शब्दाचा मूळ अर्थच दोनदा भाजलेले. सुरतेस डचांची भट्टी पुढे दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि न खपलेला वाळका पावच गिऱ्हाइके आवडीने मागू लागली, अशी तिकडे आख्यायिका आहे. विलेपार्ल्यास १९२९ मध्ये निघालेला बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. स्टेशनवर गाडी थांबली की येणारा तो गोड वासही गेला.

वासावरून आठवले. आमच्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी भट्टी आहे. विटांचा घुमट, आत लाकडे जाळावयाची, विटा तापल्या की निखारे बाजूला ओढावयाचे, आणि साठलेल्या उष्णतेवर लांब दांड्याच्या फळीने पावाच्या लाद्या सरकवावयाच्या. पहिल्या तीव्र उष्णतेवर कडक पाव, मग मऊ पाव, आणि शेवटी विटा निवत आल्या की रात्रभर टोस्ट वाळत ठेवावयाचे. एकाच विस्तवाची ही उतरती भांजणी! ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेचा विचार करून लाकूड व कोळशावरील बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश दिला. आदेश चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या इमारतीतील दम्याचे रोगी त्या धुराने बेजार होतच होते, आणि भट्टीपुढे उभे राहणाऱ्या कारागिरांची छाती तर विचारूच नका. मी भट्टीवाल्या चाचांना विचारले, ‘चाचा, आता पावाची चव बदलेल का?’ ते म्हणाले, ‘साहेब, मऊ पावाची नाही बदलणार. कडकची सांगता येत नाही. आणि टोस्टला तर निवत जाणारी भट्टी लागते; गॅस बंद केला की बंदच होतो.’

त्या रात्री मी त्यांच्याकडचे दोन ब्रून आणले. वहिनींनी ते आडवे चिरून पापड भाजावयाच्या जाळीवर धरले, लसणाची पाकळी घासली, आणि ऑलिव्हचे तेल घरात नसल्यामुळे शेंगदाण्याचे घाण्याचे तेल आणि मीठ घातले. पुतण्याने चव घेऊन विचारले, ‘काकू, याला काय म्हणायचे?’ त्या म्हणाल्या, ‘आधी खा, निवला की चामट होईल.’